चांदवण्याच्या डोंगराचे खरे शिखर

१४ ऑक्टोबर १९९०

या वहीत मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. चांदवण्याच्या डोंगराला दोन माथे आहेत. त्यांपैकी दक्षिणेचा माथा ‘सिद्धाचे शिखर’ म्हणून दाखवला जातो. तो सिद्धाचा नव्हे. सिद्धाचे शिखर उत्तरेचे. ही प्रतिज्ञा. न्यायशास्त्राच्या रीतीने हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन क्रमाने येतील.

वही उघडण्यामागे संताप आहे, आणि तो लपवण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. आज सकाळी म्हापशाच्या एका गिरिभ्रमण मंडळाची बस गावात आली. पाठीवर पिशव्या घेतलेली तरुण मंडळी दक्षिणेच्या माथ्यावर चढली, आणि उतरताना पायथ्याशी एक पत्र्याचा फलक ठोकून गेली. फलकावर इंग्रजीत सिद्धाचे नाव आणि वर दाखवणारा बाण. त्यांचे चिटणीस गुरुदास हे म्हापशाच्या एका बँकेत नोकरीला आहेत. गृहस्थ सभ्य वाटले. मी त्यांना आधार विचारला.

“सर, गावातल्या लोकांनीच दाखवलं. सगळ्यांनी हेच शिखर सांगितलं.”

सगळ्यांनी सांगितले हा आधार नव्हे, असे मी त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, “मग तुम्ही सिद्ध करून द्या, आम्ही फलक हलवू.”

आव्हान न्याय्य आहे. मी ते स्वीकारले.

१६ ऑक्टोबर

गावात चौकशी केली. दुकानात, देवळात, पाणवठ्यावर, जिथे विचारावे तिथे हात दक्षिणेकडे जातो. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहतात आणि मग दाखवतात. एका संपूर्ण गावाने एकमुखाने चूक सांगावी, तीही इतक्या निःशंकपणे, हे मी बेळगावच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना उदाहरण म्हणूनही कल्पिले नसते.

लहानपणी वडिलांनी मला खांद्यावर बसवून दक्षिणेचाच माथा दाखवला होता, हेही नोंदवले पाहिजे. वडील विचारी होते, परंतु त्यांनी ही गोष्ट कधी तपासली नाही असे दिसते. दिवंगतांची चूक चूकच असते.

बाबली गावस हा देवळात गाऱ्हाणे घालणारा मानकरी. माझ्याच वयाचा, बालपणी आम्ही एकत्र चिंचा पाडल्या. त्यालाच गाठले. म्हटले, “बाबली, तूच दरवर्षी गाऱ्हाण्यात म्हणतोस, ‘सिद्धा महाराजा, तुज्या तळयेचां पाणी आमका पुरव.’ तळी कुठल्या माथ्यावर आहे?”

“गाऱ्हाण्यात मी पुष्कळ म्हणतंय,” तो म्हणाला. “‘सरकाराक बरी बुद्धी दी’ असांय म्हणतंय. खंय आसा ती?”

“थट्टा नको. दक्षिणेच्या माथ्यावर तळी नाही.”

“प्रोफेसर, त्या माथ्यार्सून दर्या दिसता, हरमलची वाळू दिसता. पोरांका आणि कितें जाय? असोंच राव दी.”

‘असेच राहू दे’, यालाच मी बुद्धीचा आळस म्हणतो.

१९ ऑक्टोबर

डोंगराचे वर्णन आधी नीट झाले पाहिजे; पुढचे सर्व त्यावर उभे आहे.

दक्षिणेचा माथा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा सडा. पावसाळ्यात तो हिरवा आणि फुलांनी भरलेला, एरवी काळपट, तापलेला, भेगाळलेला. त्याचा उतार पश्चिमेकडे आहे. पडलेले पाणी थांबत नाही. तासाभरात व्हाळात, व्हाळातून खाडीत. गावातून पाहता हा माथा उंच भासतो, कारण तो जवळ आहे. या दृष्टिभ्रमाने पिढ्यान्‌पिढ्या फसल्या असाव्यात.

उत्तरेचा माथा मागे आणि प्रत्यक्षात थोडा उंच. त्यावर दाट झाडी. कुणी तोडलेली नाही, याचेही मला आश्चर्य वाटते; गावात लाकडाची गरज कुणाला नाही? या माथ्याच्या पोटात जिथे जांभा संपतो आणि खाली पांढरी चिकण माती लागते, नेमक्या त्या सांध्यावर आमचा झरा फुटतो. जांभ्यातून झिरपलेले पाणी त्या मातीपाशी अडते आणि आडवे बाहेर येते. झऱ्याचा पाट विमलावहिनींच्या कुळागरात, म्हणजे आमच्या माडा-पोफळींच्या बागेत उतरतो, आणि तिथून वाड्यावरच्या घरांना जातो. गाव हेच पाणी पितो.

थोरले बंधू गेल्यापासून वहिनी बाग एकट्याने सांभाळतात. मी निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहतो. हे सारे वाचून दाखवले तेव्हा त्या सुपारी सोलत होत्या.

“बरां लिवलात,” त्या म्हणाल्या. “कोणाक दाखवचा आसा?”

“सत्य कुणालाही दाखवण्यासारखेच असते, वहिनी.”

“व्हय,” त्या म्हणाल्या आणि आडकित्ता उचलला.

२१ ऑक्टोबर

उत्तरेच्या माथ्यावर गेलो. बाबलीला सोबत चल म्हटले तर गुडघ्याचे निमित्त सांगितले. कालच तो माडावर चढला होता. रानाच्या तोंडाशी एक लोटी पालथी ठेवलेली आणि शेजारी पाय धुण्याचा दगड. गाववाले वर्षातून एकदाच इथे येतात, कशासाठी ते मी कधी विचारले नाही; इथे वहाणा काढतात, वर काही खात नाहीत, थुंकतही नाहीत. मी वहाणा काढल्या नाहीत. जांभ्याचे कंगोरे सुरीसारखे असतात आणि माझा हेतू भक्तीचा नव्हता.

वर तळी आहे. जांभ्यात आपोआप झालेली वाटी, काठाला एक अनघड शिळा, सिद्धाचीच मानावी अशी, पाणी इतके स्वच्छ की तळाची पाने मोजावीत. आणि काठाच्या एका कोपऱ्यात खडकाला भोक आहे; त्यात पाणी भोवरा घेत सतत आत जाते. तळी भरलेली असूनही ओसंडत नाही, याचे कारण हे.

हेतू हाती आला. गाऱ्हाण्यातले पाणी गावाला पुरवणारी तळी हीच, हे दाखवले की शिखर कोणते हा प्रश्न उरत नाही.

२३ ऑक्टोबर

काल पोतेभर भाताचे तूस वर नेऊन त्या भोकात सोडले. आज सकाळी वहिनींनी घागरीत पाणी गाळताना फडके माझ्यापुढे धरले.

“भावजी, पाण्यात कोंडो खंयसून इलो?”

फडक्यावर पिवळे तूस. मी हर्षाने उभा राहिलो. रात्रीतून तळीचे पाणी डोंगराच्या पोटातून येऊन आमच्या घागरीत पडले होते! झिरपून नव्हे, सरळ, नळातून यावे तसे. तळीत जे सोडावे ते पाटात येते, याहून स्वच्छ उदाहरण न्यायाच्या कुठल्याही ग्रंथात मला आठवत नाही.

वहिनींनी फडके माझ्या हातून काढून घेतले. मग त्यांनी ते झटकले, पुन्हा धुतले आणि विचारले, “ह्या तुमी त्या म्हापशेकारांका सांगतल्यात?”

“अर्थातच.”

“मगे जालां,” त्या म्हणाल्या. दिवसभर त्यांना माझ्याशी बोलायला सवड झाली नाही. कापणीचे दिवस आहेत.

४ नोव्हेंबर

गुरुदास दोघा सहकाऱ्यांसह आले. मी पाच अवयवांत सिद्धता मांडली, तुसाचा प्रयोग त्यांच्यादेखत पुन्हा केला. ते निरुत्तर झाले, आणि निरुत्तर होण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी आहे हे नमूद करतो. फलक उखडून उत्तरेच्या वाटेला ठोकण्यात आला.

बाबली तिथे उभा होता. गुरुदासांनी त्याला विचारले, “काका, फलक इंग्रजीतच राहू दे ना?”

“राव दी,” बाबली म्हणाला. “कोकणीत लावलो तर मराठीवाले काढतले, मराठीत लावलो तर कोकणीवाले. इंग्रजी कोणाक वाचूक येना, तो टिकतलो.”

सगळे हसले. बाबली हसला नाही. विनोद करणाऱ्याने हसू नये हा नियम तो पाळतो.

२ डिसेंबर

मंडळाने छापलेल्या माहितीपत्रकात माझे नाव आहे: ‘प्रा. गोकुळदास प्रभुदेसाई यांनी सप्रमाण सिद्ध केलेले सिद्धाचे मूळ शिखर’. ‘मूळ’ हा शब्द अनावश्यक आहे. तरी प्रत जपून ठेवली. दर रविवारी बस येते, कधी दोन. रान, तळी, गारवा. लोक खूश आहेत. दक्षिणेच्या उघड्या सड्यावर आता कोण जाईल?

बाबलीने देवळात माझ्याकडे पाहण्याचे टाळले. खरे ठरलेल्या माणसाविषयी गावात आकस निर्माण होतोच. मी तो मनावर घेत नाही.

१६ डिसेंबर

पाटात साबणाचा फेस आला. वहिनींना मी सांगितले की भांडी पाटाच्या कडेला घासणे बरे नव्हे. खालची घरे हेच पाणी पितात.

“मी राखेन घासतंय, भावजी,” त्या म्हणाल्या. “पंचवीस वर्सां बगतास तुमी.”

मग फेस कुठला, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. वयोमानाने विसरभोळेपणा आला असावा.

२ जानेवारी १९९१

नववर्षाच्या निमित्ताने मंडळी तळीकाठी तंबू ठोकून राहिली. आज पाटावर तेलाचा तवंग होता, शेवयांचे तुकडे होते आणि कोंबडीचे एक पीस.

हे लिहिताना हात थांबला. तळीत जे सोडावे ते पाटात येते, हे वाक्य या वहीत माझ्याच अक्षरात आहे. मी ते केवळ शिखराला लावले. फेस आला तेव्हा वहिनींच्या भांड्यांना दोष दिला. उपनय म्हणजे सिद्ध झालेला नियम समोरच्या वस्तूला लावणे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही पायरी गाळली असती तर मी त्याला वर्गात उभे केले असते.

वहिनींना जाऊन सांगितले की फेसाबाबत मी त्यांच्यावर अन्याय केला.

“पाणी उकळून घेतंय मी,” त्या म्हणाल्या. “पण वाड्यार सगळ्यांक लाकडां खंयची?”

९ जानेवारी

वहिनींना कावीळ झाली. डोळे पिवळे, उभे राहवत नाही. बागेत राबताना उकळलेले पाणी कुणी जवळ बाळगते? वाड्यावर आणखी दोन घरांत तोच आजार. म्हापशाला हॉस्पिटलात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचा केला. मी उत्तर दिले. इतके अचूक उत्तर त्यांना क्वचितच मिळत असेल.

१३ जानेवारी

उत्तरेच्या माथ्यावर गेलो. रानाच्या तोंडाशी पाय धुण्याच्या दगडावर कुणी चूल मांडली होती. वर तळीत एक तरुण मान खाली घालून केस धूत होता. शँपूचा फेस भोवऱ्यातून आत चालला होता. झुडपांत माणसांनी केलेली घाण. सिद्धाच्या शिळेवर ओले मोजे वाळत घातलेले.

मी त्याला म्हटले की हे पाणी खाली लोक पितात.

“काका, हे वाहतं पाणी आहे, काही होत नाही.”

“वाहते म्हणूनच होते. ते वाहत खाली जाते.”

“मग खाली फिल्टर बसवा ना,” तो नम्रपणे म्हणाला, आणि सोबत्याकडे टॉवेल मागितला. दुसऱ्याने मला ओळखले: “अरे, हेच ते प्रोफेसर! ज्यांनी हे शोधलं!” आणि माझ्यासोबत फोटो काढू का, असे विचारले.

आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नाही. आजही नाही उगारला. मोजे तेवढे शिळेवरून काढून त्यांच्या पिशवीवर ठेवले.

१७ जानेवारी

हॉस्पिटलात वहिनींच्या उशाशी बाबली आधीच बसला होता. शहाळी घेऊन आला होता. मी उत्तरेच्या माथ्यावर पाहिलेले सांगितले आणि शहरातल्या लोकांविषयी जे बोलायचे ते बोललो. दोघांनी ऐकून घेतले. मग मी म्हणालो, “तुम्हा सर्वांना शिखर कोणते हे ठाऊक नव्हते हेच मूळ कारण. ठाऊक असते तर आधीच जपले असते.”

बाबली वहिनींकडे पाहायला लागला. वहिनी म्हणाल्या, “आता सांग रे त्यांका. आता काय उरलां लपवूक?”

“प्रोफेसर,” बाबली म्हणाला, “गावात जल्मलेल्या प्रत्येकाक ठावक आसा. भायल्या माणसान विचारल्यार दुसरो माथो दाखवचो. माज्या बापायन तसांच केलां, ताज्या बापायन तसांच. फिरंगी इलो तेकाय तोच दाखयलो.”

“पण मला? मी बाहेरचा?”

बाबलीने एक शहाळे हाती घेतले. वहिनी उशीवर मान वळवून म्हणाल्या, “मामंजी म्हणत, गोकूळ खोटां बोलना. बरो पोर. तेका विचारला तर तो सांगतलो. म्हणान तेकाय दुसरोच माथो दाखवा.”

“आणि मी सिद्ध करीत होतो तेव्हा? कुणी एक शब्द बोलला नाही!”

“बोल्लां,” बाबली म्हणाला. “‘असोंच राव दी’ म्हटलां. आणि किती बोलू? तुका सांगलां असता तर तू पुस्तकात घातलां असतास.”

घरी येऊन ऑक्टोबरच्या नोंदी वाचल्या. १६ ऑक्टोबरला मी वडिलांविषयी जे लिहिले आहे ते खोडत नाही. खोडले तर वही खोटी होईल.

संताप मात्र आहे तिथेच आहे. कुणावर, ते ठरवता येत नाही, एवढेच.

२१ जानेवारी

गुरुदासांना त्यांच्या बँकेत भेटलो. ते मनापासून हळहळले. साबण वापरू नये, तंबू ठोकू नये, असे दोन फलक लावतो म्हणाले. मी विचारले, “लोक पाळतील?” ते प्रामाणिक आहेत, म्हणाले, “नाही.”

“मग माथाच बंद करा.”

“सर, मी बंद केला तर दुसरे ग्रुप येतील. आता सगळ्यांना ठाऊक झालंय. लोकांना खरं शिखर हवं असतं. खोट्यावर कोण चढेल?” मग ते खाली पाहत म्हणाले, “एकच मार्ग आहे. सिद्ध केलंत तुम्ही. तुम्हीच लिहून दिलंत की चूक झाली, तर फलक परत दक्षिणेला नेतो, नवं पत्रक छापतो, बाकीच्या मंडळांनाही कळवतो. तुमचा शब्द सगळे मानतात.”

“पण चूक झालेली नाही.”

“मला ठाऊक आहे, सर.”

२२ जानेवारी

दिवसभर बसलो. विधान असत्य आहे. त्यावर सही करणे म्हणजे मी जे आयुष्यभर शिकवले त्याच्या विरुद्ध सही करणे. दुसऱ्या बाजूला वाड्यावर टँकरचे पाणी येते, तेही एका दिवसाआड. साबणाच्या पाण्याने पोफळी पिवळ्या पडत आहेत. वहिनींना घरी आणले आहे आणि त्यांना मी झऱ्याचे पाणी देऊ शकत नाही.

नुसते ‘चूक झाली’ लिहून भागणार नाही. म्हापशाची मंडळी हुशार आहेत; कारण विचारतील. सदोष प्रयोगाचे कारण लागेल, पटणारे आणि किंचित हास्यास्पद. लोक विद्वानाच्या हास्यास्पद चुकीवर लगेच विश्वास ठेवतात. माझ्या बेळगावच्या विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या हाती ते पत्रक पडेल तर पडो.

वहिनींना विचारले नाही. त्यांनी ‘नको’ म्हटले असते, आणि मग मी ते मानले असते. त्यांच्यासमोर बसून लिहिले.

“काय लिवतास?” त्यांनी विचारले.

“एक दुरुस्ती.”

२३ जानेवारी

मंडळाला दिलेल्या निवेदनाची प्रत:

चांदवण्याच्या डोंगरावरील उत्तरेचा माथा हे सिद्धाचे शिखर होय, असे मी गेल्या नोव्हेंबरात प्रतिपादन केले होते. ते चुकीचे होते. तळीत सोडलेले तूस झऱ्यात आढळले, हा माझा मुख्य आधार होता. अधिक तपासाअंती असे दिसून आले की ते कापणीच्या दिवसांत आमच्याच खळ्यावरून वाऱ्याने उडून पाटात पडले होते. तळीचा झऱ्याशी, आणि म्हणून सिद्धाशी, काही संबंध नाही. ते पावसाचे साचलेले पाणी असून उन्हाळ्यापूर्वी कुजते, आणि काठाच्या रानात जळवा फार आहेत. घरच्या खळ्याचा विचार करण्याइतकी साधी दक्षता मी घेतली नाही. चांदवण्याच्या ग्रामस्थांनी पहिल्यापासून दाखवलेले दक्षिणेचे शिखर हेच सिद्धाचे शिखर होय. त्यांना कमी लेखल्याबद्दल मी त्यांची क्षमा मागतो. चूक सर्वस्वी माझी आहे.

गोकुळदास राघोबा प्रभुदेसाई
निवृत्त प्राध्यापक, तर्कशास्त्र
चांदवणे, पेडणे